लाभाजीची अर्धी जुडी

"घरात माणसं किती?" मी विचारलं.

"लाभ," तो म्हणाला.

बोरू दौतीत तसाच ठेवून मी त्याच्याकडं पाहिलं. शाळेला पोरं मिळेनात म्हणून गल्लोगल्ली फिरून घरांची यादी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. सकाळपासून चाळीसेक उंबरे झाले होते. कुणी "कशाले पाहिजे?" म्हणून खेकसलं होतं, कुणी नवी पट्टी बसते या भीतीनं पोरं मागच्या दारानं पिटाळली होती. पण असं उत्तर कुणी दिलं नव्हतं.

"अहो, या खोलीत राहतात किती जण?"

"सांगतलं न, मास्तर. लाभ."

"म्हणजे एक?"

त्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले. जणू मी त्याच्या दारात उभा राहून शिवी दिली होती. "दिवेलागन होऊन राहिली, अन् तुमी घरात तो शब्द काहून काढता? ल्याहा. मानसं लाभ. पोरं..." इथं तो जरा थांबला. "पोरांची जागा कोरी ठेवा."

मी कोरी ठेवली. माणसांच्या रकान्यात मात्र तो आत वळल्यावर १ लिहिलं. सरकारी कागदात लाभ कसा लिहिणार?

हा लाभाजी मापारी. खरं नाव सखाराम, पण ते त्याच्या आईनंतर कुणी वापरलं असेल असं वाटत नाही. अमरावतीच्या कापसाच्या बाजारात तो काट्यावर उभा असायचा. ज्यांनी बाजार पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की मापारी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. एक म्हटलं की रास तिथंच आटते, बरकत निघून जाते, असा शेतकऱ्यापासून शेठजीपर्यंत सगळ्यांचा विश्वास. दोनापासून पुढं आकडे नेहमीसारखे. आणि एक पारडं उतरून दुसरं भरेपर्यंत मापाऱ्यानं तोच आकडा मोठ्यानं घोळवत राहायचं, म्हणजे गणती चुकत नाही. लाभ हो लाभ, लाभ हो लाभ, मग दोन हो दोन, दोन हो दोन. मध्ये दुसरा शब्द तोंडातून गेला की आकडा गेला.

बाकीचे मापारी लाभ बाजारात ठेवून घरी जात. लाभाजी तो घरी घेऊन येई. "लाभ तांब्या पानी द्या", "लाभ डाव काय झालं", असं त्याचं बोलणं चाले. एकादशीला तो नुसतं "उपास" म्हणे. गल्लीतल्या एकनाथाला त्यानं जन्मभर "अहो नाथ" म्हणूनच हाक मारली, आणि एकनाथही ओ देई.

काट्यावर असताना तो भेटला तर मजाच. आकडा सोडायचा नाही आणि ओळखीच्या माणसाशी बोलायचं तर आहे. मग तो सगळं आकड्यातच गुंडाळायचा. "सात हो सात, राम राम मास्तर सात, काल कुठं होते सात, घरी पाव्हने आले का सात हो सात!" उत्तर द्यावं तर पारडं भरायचं आणि "आठ हो आठ" सुरू व्हायचं. माझी अर्धी उत्तरं सातावर राहिली आहेत.

मी त्या वर्षीच मुंबईहून पदवी घेऊन आलो होतो. हे मी सांगतो, कारण न सांगता कुणाला कळत नाही. माझा बाप भातकुलीचा माळी. कॅम्पातल्या साहेबांच्या बंगल्यांवर डोक्यावरून भाजी घालायचा. आमच्या सात पिढ्यांत कुणी कॉलेजची पायरी पाहिली नव्हती. तिकडं अमेरिकेत लढाई लागली, तिकडचा कापूस बंद झाला, इकडं आमच्या पऱ्हाटीला सोन्याचा भाव आला, आणि त्या पऱ्हाटीवर मी शिकलो. तेव्हा पदवी घेतलेली वऱ्हाडी माणसं मला एका हाताच्या बोटांवर मोजता आली असती, आणि बोटं उरली असती. लाभाजीला याचं काडीचं कौतुक नव्हतं. यादीनंतर त्याच्याच शेजारची खोली मी भाड्यानं घेतली त्या पहिल्याच दिवशी त्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि निकाल दिला,

"दीड मनाले दोन शेर कमी. मुंबईले जायच्या आधी किती होते?"

"तितकाच असेन."

"मंग येवढी पुस्तकं वाचली म्हनता, ते गेली कुठं?"

वजन हा त्याचा ध्यास होता. दिसेल त्याचं वजन तो मनातल्या मनात करायचा आणि मग ते मनात ठेवायचा नाही. लग्नात नवरदेवाचं, वरातीतल्या घोड्याचं, एकदा तर घोड्यावरून जाणाऱ्या साहेबाचं त्यानं भर रस्त्यात मोठ्यानं केलं. साहेबाला मराठी येत होतं. पण आकडा बरोबर असावा, कारण तो रागावला नाही, घोडा थांबवून नुसता ओशाळला.

ते दिवसच जड होते. साऱ्या वऱ्हाडाच्या अंगावर पैसा चढला होता. एका पाटलानं गाडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा ठोकल्या. पुढं अडचण अशी झाली की धुळीत माखल्यावर चांदी कोणती नि लोखंड कोणतं हे लोकांना कळेना. मग तो गड्याला ओलं फडकं देऊन चाकांबरोबर पळवायला लागला. दुसऱ्या एकानं विलायती घड्याळ आणलं आणि ते गोठ्यात टांगलं, बैलांना वेळ कळावी म्हणून. तमाशे, कुस्त्या, कोंबड्यांच्या झुंजी रोज. कामाला तोटा नव्हता, आणि लाभाजीच्या हातालाही बरकत होती. त्यानं घेतलं काय? काट्याला नवी दोरी.

अमावास्येला बाजार बंद असे. त्या दिवशी लाभाजी अंघोळ करून धुतलेलं धोतर नेसायचा आणि गाडीतळावर जाऊन एका दगडावर बसायचा. दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी लांबलांबच्या गाड्या येत. तो डोळे मिटून आसाचा आवाज ऐके. "ही परतवाड्याची. बैल नवे आहे. माल कोरडा." मग दुसरी कुरकुरत आली की, "ही चांदुराची. कापसावर पानी मारलं आहे बाप्पा, खालच्या थराले." गाडीवान वरमून दुसऱ्या रस्त्यानं गाडी घाले. यात लाभाजीला काही मिळायचं नाही. मी एकदा विचारलं, "भाऊ, सुट्टीच्या दिवशीही हेच?"

"मंग काय करू? घरी बसून भिंतीचं वजन करू?"

घरी बसायला तसं काही नव्हतंही. एक खाट, एक तांब्या, एक ताट, भिंतीत एक खुंटी. मी जेवायला गेलो तर ताट मला, आणि तो तव्यावरच जेवायचा. मी म्हटलं, आणखी एखादं ताट घ्या की. गिऱ्हाईक नसलेल्या मालाकडं पाहावं तसं त्यानं माझ्याकडं पाहिलं. "कोनासाठी?"

स्वयंपाक मात्र तो झकास करायचा. ज्वारीच्या दोन भाकऱ्या. "लाभ, दोन" असं म्हणत थापायच्या, पीठ उरलं तरी तिसरी नाही. जवसाची चटणी, आणि रोज ताजी भाजी. शिळं खाल्लं तर अंगात शिळेपणा येतो असं त्याचं म्हणणं. आमची पडवी एकच, त्यामुळं त्याच्या जेवणाचा मला सगळा तपशील पाठ झाला. आणि त्यात एक गोष्ट माझ्या शिकलेल्या डोक्याला उलगडत नव्हती. कारल्याच्या दिवसांत दर मंगळवारी तो कारलं करी, आणि ते खाताना त्याचं तोंड असं होई की बघणाऱ्याला पाणी घेऊन धावावंसं वाटे. घास तोंडात, डोळे मिटलेले, मान ताठ, आणि मग गिळताना सगळं अंग हलायचं.

"आवडत नाही तर खाता कशाला?"

"मंगळवार आहे," तो म्हणाला, आणि तांब्याभर पाणी प्याला.

आता सगुणामावशीबद्दल सांगितलं पाहिजे. ती माझी सख्खी मावशी नव्हे. आमच्याच जातीची, भातकुलीच्याच वाटेवर तिची भाजीची वाडी. नवरा गेल्यावर ती वाडी तिनं एकटीनं सांभाळली. जमीन मालकाची, मोट तिची. कापूस बाजाराच्या कडेला लिंबाखाली पोतं पसरून ती रोज दुपारनंतर बसायची. तिच्या जिभेला पूर्ण बाजार टरकून असे. आणि रोज संध्याकाळी काटा गुंडाळून लाभाजी तिच्यापुढं उभा राहिला की शेजारचे दुकानदार हातातलं काम सोडून ऐकत.

"सगुनाबाई, मेथी."

"घ्या."

"अर्धी."

"अर्धी जुडी म्हंजे काय असते वो मापारी? अर्धी म्हैस कोनी विकते का?"

"मी येवढी खात नाई. उरली तं शिळी होते. शिळं मी खात नाई."

"मंग लगन करा. दोघं खासान."

लोक हसत. लाभाजी हसायचा नाही. तो म्हणे, "काटा धर."

मग सगुणामावशी कुरकुरत जुडीचा अंबाडीचा वाख सोडी. जुडीचे दोन भाग होत. दोन्ही पारड्यांत एकेक भाग. इथं खरं नाटक सुरू होई. लाभाजी खाली बसून डोळा दांडीच्या रेषेत आणायचा.

"तुह्या काट्याले पासंग आहे. मी कालच खडा बांधून देल्ला होता."

"पडला असंन."

"पडला नाई, तू काढला." तो दुसरा खडा शोधून बांधे. "हे पाहा. माह्या इकडं दोन काड्या जास्त आहे."

"राहू द्या न. दोन काड्यानं काय मोठे व्हता?"

"नाई. अर्धी म्हंजे अर्धी."

दोन काड्या परत जात. काकडी असो, भोपळ्याची फोड असो, कारल्यांचा वाटा असो, सगळ्याचे बरोबर दोन भाग. अशी बारा वर्षं चालली होती म्हणे. मी एकदा मावशीला विचारलं, "तो राहिलेला अर्धा भाग कोण घेतं?"

"गायीले घालतो," ती फटकन म्हणाली. तिच्याकडं गाय नव्हती, हे मला घरी आल्यावर आठवलं.

कापसाच्या तेजीत एक गोष्ट कुणाच्या ध्यानात येत नव्हती. ज्या जमिनीत भाजी होते त्या जमिनीतही पऱ्हाटी होते. मालकानं मावशीची वाडी परत मागितली. वांग्याचे वाफे नांगरले, विहिरीची मोट उतरवली, आता इथंही कापूस. बाईच्या पायाखालची जमीनच गेली. अकोल्याला मोर्णेच्या काठी तिच्या भावाची, गोविंदाची, वाडी होती. तो गाडी घेऊन न्यायला आला. दोन दिवसांत निघायचं ठरलं.

मला हे मावशीनंच सांगितलं. मी तडक लाभाजीकडं आलो. तो भाकरी थापत होता.

"भाऊ, सगुणामावशी अकोल्याला चालली. कायमची."

हातातली भाकरी तव्यावर पडायची ती राखेत पडली. त्यानं ती उचलली, झटकली, बाजूला ठेवली. दुसरा गोळा घेतला नाही.

"तुमाले कोनं सांगतलं?"

"तिनंच. परवा सकाळी गाडी निघते."

त्यानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग चुलीकडं बघत म्हणाला, "मास्तर, ते अर्धा हिस्सा गायीले नाई घालत."

"मला माहीत आहे. तिच्याकडं गाय नाही."

"तेच रांधते. मी तिच्या घरावरून येतो न, वास येते. मेथी नेली त्या दिवशी मेथीचा. भोपळा नेला त्या दिवशी भोपळ्याचा."

तिचं घर बाजाराच्या पूर्वेला, भातकुलीच्या वाटेवर. आमची गल्ली पश्चिमेला. तिच्या घरावरून आमच्या गल्लीत यायचं तर माणसाला आधी उलटं अर्धा कोस चालावं लागे.

"तिले कारलं लय आवडते," तो म्हणाला. "मंगळवारी ते मुद्दाम तोडून आनते. येवढा चांगला माल, गिऱ्हाईक भेटलं तं ते सगळा विकून टाकीन, सोताले ठेवनार नाई. म्हून मी अर्धा वाटा घेतो. अर्धा फुटला की राहिलेला कोनी घेत नाई. मंग तो तिच्या चुलीवर जाते."

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकलो होतो. असा तर्क त्यात नव्हता. बारा वर्षं दर मंगळवारी या माणसाचं तोंड कडू का व्हायचं, ते मला तेव्हा कळलं.

"मग तिला सांगा ना!" मी ओरडलोच. "आपल्यात मोहतूर लागतं. विधवेनं दुसरं लग्न केलं म्हणून आपल्या जातीत कुणी नाव ठेवत नाही. ती एकटी, तुम्ही..." मी तो शब्द गिळला. "तुम्ही लाभ. जा आणि बोला."

"काय बोलू?"

"‘सगुणा, जाऊ नको.’ तीन शब्द."

त्यानं घसा साफ केला. भिंतीवरच्या खुंटीकडं तोंड केलं. "सगुना," तो म्हणाला. मग आवाज चढवावा म्हणून छाती भरून घेतली आणि तोंडातून निघालं, "दोन हो दोन, दोन हो दोन..."

तो खाटेवर बसला. "पाहिलं न? आवाज काढला की आकडाच येते. तुमी जा मास्तर. तुमाले बोलनं शिकोलं आहे."

मी गेलो. खोटं कशाला सांगू, मला त्याचा अभिमानच वाटला. या कामाला शिकलेला माणूसच पाहिजे. मावशी गाठोडी बांधत होती. मी खाकरून म्हणालो, "मावशी, मनुष्यानं एकाकी आयुष्य कंठणं हे सृष्टीच्या नियमाला धरून नाही. लाभाजींच्या अंतःकरणात आपल्याविषयी दीर्घकाळ जो आदरभाव वसत आहे..."

"थांब, थांब," ती म्हणाली. "हे मापारी बोलले, का तुह्या पुस्तकानं सांगतलं?"

"भाव त्यांचा आहे. शब्द माझे."

"मंग शब्द तू ठेव बाप्पा, तुले शाळेत कामी पडतीन." तिनं गाठोड्याची गाठ दातानं आवळली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "दिवसभर त्या तोंडानं बाजार डोक्यावर घेते. बारा वर्सं माह्यासमोर काट्यावर वाकून बसले. आपला सोताचा असा शब्द काढता नाई आला त्यायले. त्यायले सांगजो, गाडी सकाळी बाजारावरूनच जाते. मी काही घोड्यावर नाई बसली. बैलगाडी आहे, हळू जाते."

हा निरोप मी जसाच्या तसा पोचवला. माझा त्यात एक शब्द घातला नाही.

निघायच्या दिवशी बाजार तुडुंब होता. नेमका त्या चांदीच्या धावांच्या पाटलाचा कापूस लाभाजीच्या काट्यावर आला होता. पांढऱ्या राशी घराच्या उंचीच्या, आडत्या शेठ गादीवर, भोवती वीस-पंचवीस माणसं. मी शाळेला दांडी मारून लिंबाखाली उभा होतो. आयुष्यात एवढी एकच दांडी मारली आहे. लाभाजी पहिली रास मोजत होता, पण आवाज फाटका लागत होता.

गोविंदाची गाडी रस्त्यावर आली. गाडीत गाठोडी, मोटेची दोरी, वर सगुणामावशी. तिनं गाडी थांबवायला लावली, उतरली, माणसांतून वाट काढत सरळ काट्यापाशी आली. हातात मेथीची जुडी होती, तिच्या वाडीतली अखेरची.

"एकोणचाळीस हो एकोणचाळीस," लाभाजी म्हणत होता. डोळे तिच्यावर होते.

तिनं जुडी त्याच्या पायाशी ठेवली. "घ्या. आज पुरी घ्या. वाख सोडाले आता कोनी राहनार नाई."

"चाळीस हो चाळीस!"

रास संपली. आता तरी बोलेल म्हणून मी मुठी आवळल्या. मावशी क्षणभर थांबली. तोवर हमालांनी नव्या राशीचं पहिलं पारडं भरलं, शेठनं हात केला, आणि मापाऱ्यानं काट्याची दांडी उचलली. ती वळली. गाडीत चढली.

लाभाजीनं तोंड उघडलं. सगळे लाभ ऐकायला बसले होते. पाटील हात जोडून उभा होता, पहिल्या मापाला जोडतात तसे.

"एक!" लाभाजी ओरडला.

एवढ्या मोठ्या बाजारात इतकी शांतता मी त्यानंतर कधी ऐकली नाही. हमालाच्या हातातलं गाठोडं सुटलं. पाटील मटकन आपल्याच कापसावर बसला. शेठ गादीवरून उठला.

"क्या बोला? फिर से बोल!"

"एक," लाभाजी म्हणाला. आता तो थांबणारा नव्हता. "एक म्हनतो मी, शेठजी. बारा वर्सं मी घरी जाऊन लाभ म्हनतो. ताट एक, तांब्या एक, खाट एक. लाभ म्हनलं म्हून काही दोन झाले नाई. एक म्हंजे एकच असते."

मग त्यानं काटा खाली ठेवला, तोल चालू असताना, रास उघडी असताना. पायाशी पडलेली जुडी उचलली आणि तो गाडीपाशी गेला. बैलांपुढं उभा राहिला. एवढा बाजार दणाणून सोडणारा माणूस, पण आवाज असा आला की मला कान द्यावा लागला.

"सगुना, पुरी जुडी मले सरत नाई एकट्याले."

गोविंदा कासरा धरून बसला होता. "काय म्हनते गा हा मानूस? कशाची जुडी?"

सगुणामावशीनं पदर सारखा केला. लाभाजीच्या हातातून जुडी घेतली, वाख दातात धरून सोडला, आणि अर्धी मेथी त्याच्या हातात दिली. मोजली नाही, तोलली नाही. लाभाजीकडं दोन काड्या जास्तच गेल्या असतील. त्यानं काही म्हटलं नाही.

"दादा," ती भावाला म्हणाली, "बैल सोड."

आठव्या दिवशी मोहतूर लागलं. पण बाजारानं लाभाजीला माफ केलं नाही. त्या राशीची शांत करायला गूळ वाटावा लागला, रास नव्यानं दुसऱ्या मापाऱ्याकडून तोलवली, आणि लाभाजीला कुणी काट्यापाशी उभं करेना. त्यात पुढच्या उन्हाळ्यात कापसाचा भाव धाडकन कोसळला. अमेरिकेतली लढाई संपली, तिकडचा कापूस परत यायला लागला, हे कारण मी नकाशा काढून लोकांना समजावून सांगत होतो. कुणी ऐकेना. साऱ्या अमरावतीचं मत एकच, लाभाजीनं "एक" म्हटलं म्हणून भाव पडला. पाटलानं चांदीच्या धावा काढून विकल्या तेव्हा तो लाभाजीच्या नावानं बोटं मोडत होता. शेवटी ती दोघं गोविंदाच्याच गाडीतून अकोल्याला गेली. या खेपेला गाडीत ताटं दोन होती. दुसरं मी दिलं होतं, आहेर म्हणून.

काही वर्षांनी माझी बदली अकोल्याला झाली. पहिल्याच आठवड्यात मी मोर्णेकाठी त्यांची वाडी शोधत गेलो. लाभाजीचे केस पांढरे झाले होते. मला बघताच म्हणाला, "दीड मनाच्या वर गेले तुमी मास्तर. चांगलं झालं." आणि ओरडला, "सगुना, तीन ताटं!" मग लगेच आत जाऊन भाकऱ्या स्वतः वाढल्या. "लाभ, दोन, तीन."

मंगळवार होता. कारलं होतं. काट्यावर तोलून त्याचे तीन सारखे हिस्से झाले, पासंग बघून. लाभाजीनं डोळे मिटले, मान ताठ केली आणि घास गिळला. अंग हललं. तेच, अमरावतीतलं. मग मावशीकडं बघून म्हणाला, "मस्त झालं आहे." ती हसली.

तो हात धुवायला मोटेपाशी गेला तेव्हा मावशी माझ्याकडं वाकली. आवाज एकदम बारीक करून म्हणाली, "खरं सांगू का मास्तर, मले कारलं तोंडात धरवत नाई. लहानपनापासून नाई. पन काय करतं, त्यायचा जीव आहे त्याच्यावर. अमरावतीले दर मंगळवारी हटकून न्यायचे. त्यायच्यासाठीच तं लावत होती मी वाडीत. आता त्यायनं पुरं एकट्यानं खाल्लं तं बरं दिसते का? म्हून मीबी खातो."

मी तोंड उघडलं. मी सरळ बोलणारा माणूस आहे, खरं असेल ते तोंडावर सांगतो, अशी माझी ख्याती आहे. बाहेर मोटेपाशी लाभाजी हात धूत होता. त्याची मान अजून ताठ होती.

मी तोंड मिटलं, आणि पातेल्यात उरलेलं सगळं कारलं माझ्या ताटात वाढून घेतलं.

तेव्हापासून मंगळवारी मी न चुकता त्यांच्याकडंच जेवतो आणि दोघांच्या हिश्शातलं जमेल तेवढं मागून घेतो. मास्तराले कारलं फार आवडते, असं दोघंही गावभर सांगत असतात. मला ते आवडतं का, हे मात्र आजवर कुणी विचारलेलं नाही.